दुसरीतल्या मुलीला कर्सिव्ह हवंच का?

एका आईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दुसरीत, इंग्रजी माध्यमाची शाळा. सीनियर केजीपासूनच चौरेघी वहीत कर्सिव्ह, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून लिहिणं, सुरू झालं. मराठीचं अक्षर चांगलं आहे, इंग्रजीच्या वहीत मात्र सारखा लाल शेरा. गृहपाठाला बसली की रडारड. बाबा म्हणतात, फिनलंडने कर्सिव्ह बंद केलं, पुढे सगळं टाइपच करायचंय, सोडून द्या. आजोबा म्हणतात, अक्षर हा दागिना आहे, आत्ताच वळण लागलं पाहिजे. आणि आई विचारतात की आजच्या काळात मुलांना कर्सिव्ह यायलाच हवं का, आणि त्यासाठी क्लास लावू का.

मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता ठाण्यात घरीच अक्षराचे वर्ग घेते. म्हणजे ‘हवंच, आणि क्लासही लावाच’ असं म्हणण्यात माझा फायदा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

ताई, तुमच्या घरात वाद एक दिसतो, पण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. बाबांचा प्रश्न आहे, हाताने लिहायचं तरी का? आजोबांचा मुद्दा देखणेपणाचा आहे. आणि मुलीची अडचण या दोन्हींहून वेगळी आहे. तिला ‘काय लिहायचं’ आणि ‘अक्षर कसं काढायचं’ हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतंय, आणि ते तिला झेपत नाहीये. माझ्या लेखी खरा प्रश्न हा तिसरा आहे. त्याचं उत्तर देताना पहिल्या दोघांचंही निघेल.

आधी बाबांचं. फिनलंडची बातमी खरी आहे, पण अर्धीच फिरते. २०१६च्या अभ्यासक्रमापासून तिथे जोडून लिहिणं शिकवण्याची सक्ती गेली. सुटी अक्षरं हाताने लिहायला आजही शिकवतात, जोडीला कीबोर्ड आला. अमेरिकेतही २०१०च्या सुमारास आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय निकषांमध्ये कर्सिव्हला जागा नव्हती. पुढे एकेका राज्याने ते परत आणलं, आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये पहिली ते सहावीसाठी कायदाच केला. फ्रान्समध्ये तर मुलं सहाव्या वर्षापासून जोडूनच लिहितात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तेव्हा ‘जगाने सोडलं’ हेही खरं नाही आणि ‘जग परत वळलं’ हेही पूर्ण खरं नाही. हाताने लिहिणं मात्र यातल्या कुणीच सोडलेलं नाही.

आपल्याकडे तर ते सोडून चालणारच नाही. दहावीचा ऐंशी गुणांचा भाषेचा पेपर तीन तास पेनाने लिहायचा असतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत वीस उत्तरं हाताने लिहावी लागतात. तुमची मुलगी तिथवर पोचेपर्यंत हे बदलेलही, पण त्या भरवशावर आज दुसरीतल्या मुलीचं लिहिणं सोडू नये. मात्र यातली कुठलीही परीक्षा ‘जोडून लिहा’ असं म्हणत नाही. तपासणाऱ्याला वाचता आलं पाहिजे आणि वेळेत पेपर पुरा झाला पाहिजे, बास.

आता ‘कर्सिव्हमुळे मेंदूचा विकास होतो’ हे वाक्य. शाळेच्या माहितीपत्रकात हे हमखास सापडतं, म्हणून यावर जरा थांबते. २०१२ मध्ये अमेरिकेत अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींनी अक्षर स्वतः हाताने काढलं, काहींनी गिरवलं, काहींनी कळ दाबून टाइप केलं. नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग स्वतः काढलेल्या अक्षरांना ठळक प्रतिसाद देताना दिसला. छान निष्कर्ष आहे, पण ती अक्षरं सुटी होती. २०२४ मध्ये नॉर्वेतून आलेला अभ्यासही खूप फिरला. त्यात जोडून लिहिणं आणि टाइप करणं यांची तुलना होती. पण टाइप करणारे फक्त उजव्या हाताच्या तर्जनीने कळा दाबत होते आणि सुट्या अक्षरांचा गट त्यात नव्हताच. म्हणजे ‘हात विरुद्ध कीबोर्ड’ या सामन्यातली विजयाची माळ कर्सिव्हच्या गळ्यात घातली जाते. हाताने लिहिण्याच्या बाजूने मी कुणाशीही भांडेन. त्यासाठी अक्षरं एकमेकांना जोडलेली असावीत, याला तसा आधार मला दिसत नाही.

दुसरा दावा वेगाचा. हात उचलायचा नाही, म्हणून कर्सिव्ह जलद. ऐकायला पटतं. पण आपण मराठी कशी लिहितो ते बघा. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी, रफार, अनुस्वार वेगळे, आणि शेवटी शिरोरेघ द्यायला पुन्हा मागे. एका ‘कार्यक्रमांमध्ये’ या शब्दात हात किती वेळा उचलला जातो ते मोजून बघा. तरीही आपली मुलं पुरवण्या जोडजोडून मराठीचा पेपर लिहितात. हात उचलण्यानेच वेग मरत असता तर मराठीचा पेपर कुणाचाच पुरा झाला नसता. वेग मरतो तो अक्षर आठवावं लागतं तेव्हा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या चौथी ते नववीच्या मुलांचा वेग मोजला गेला होता. त्यात निव्वळ सुटं किंवा निव्वळ जोडून लिहिणाऱ्यांपेक्षा मिश्र लिहिणारी, म्हणजे सोयीचं तेवढं जोडून बाकीचं सुटं ठेवणारी मुलं जलद निघाली. तुमचंच इंग्रजी अक्षर काढून बघा, बहुतेक असंच मिश्र असेल. शाळेत शिकलेलं शंभर टक्के कर्सिव्ह लिहिणारा मोठा माणूस मला क्वचितच भेटतो.

मग मुलीचं घोडं नक्की कुठे अडतंय? एक नमुना देते. तिला इंग्रजीत ‘मिनिट’ लिहायला सांगा, आणि मग ‘ब्राउन’. मिनिटमधली सगळी अक्षरं खालच्या रेघेवर संपतात आणि तिथूनच पुढच्याला जाऊन मिळतात. हात लाटेसारखा जातो, अडत नाही. ब्राउनमध्ये बी, ओ आणि डब्ल्यू ही तीन अक्षरं खाली संपतच नाहीत, वरच्या निळ्या रेघेपाशी संपतात. म्हणजे बी ते आर, ओ ते डब्ल्यू आणि डब्ल्यू ते एन, चारपैकी तीन जोड वरून. त्यातही आर वरून सुरू करायचा म्हटलं की त्याचा खांदा जातो आणि तो आयसारखा दिसायला लागतो. मूल मिनिट सुरेख लिहितं आणि ब्राउनमध्ये खोडरबर काढतं, याचं कारण आळस किंवा लक्ष नसणं हे नाही. वरून जोडायचं हे त्याला कुणी वेगळं शिकवलेलंच नसतं. फळ्यावर ए ते झेड सुटे काढून दाखवतात, पानभर गिरवून घेतात आणि थेट परिच्छेद उतरवायला देतात. मधली जोडांची पायरी गायब. तुमच्या मुलीच्या वहीत लाल शेरे कोणत्या शब्दांवर आहेत ते एकदा बघाच. बी, ओ, व्ही, डब्ल्यू असलेले शब्द जास्त निघाले तर रोग सापडला म्हणायचा.

याहून मोठी अडचण क्रमाची आहे. सीनियर केजीतलं मूल पाच-साडेपाच वर्षांचं. त्याला पुस्तकात छापलेली अक्षरं ओळखायची आहेत, वहीत त्याच अक्षरांची दुसरी रूपं काढायची आहेत, शिवाय दोन्हींची कॅपिटलं. त्यात आपल्याकडे देवनागरी वेगळी, आणि शाळेनुसार मराठीसोबत हिंदी. इतकी रूपं एकदम अंगावर आली की एकही पक्कं होत नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये दुसरीच्याच मुलांवर २०१२ मध्ये एक अभ्यास झाला. सुटंच शिकणारी, जोडूनच शिकणारी आणि दोन्ही शिकणारी असे तीन गट होते, आणि दोन्ही शिकणाऱ्यांना ते जड गेलं. त्या संशोधकांचा स्वतःचा कल कर्सिव्हकडे होता, हेही सांगायला हवं. मी त्यातून घेते ते एवढंच की लहान वयात एकच पद्धत धरावी. फ्रेंच मुलांचं जमतं तेही बहुधा म्हणूनच, ती सुरुवातीपासून एकच वळण लिहितात.

आतापर्यंतचं थोडक्यात: हाताने लिहिणं सोडायचं नाही, कर्सिव्हचे म्हणून सांगितले जाणारे बरेच फायदे खरं तर कुठल्याही हस्तलेखनाचे आहेत, आणि दुसरीपर्यंत एकाच वळणाला घट्ट धरायचं. ते वळण कोणतं, हे मात्र परिस्थितीवर आहे.

शाळा ऐकणारी असेल तर माझा कौल सुट्या अक्षरांना, म्हणजे प्रिंटला. वर्गशिक्षिकेला वेळ मागून भेटा. मुलीसमोर नको, आणि गेटवर घाईतही नको. ‘मिस, दिवाळीपर्यंत तिला इंग्रजी प्रिंटमध्ये लिहू द्याल का, हात बसला की कर्सिव्ह घेऊ’ असं सांगून बघा. शिक्षकांना चाळीस-पन्नास वह्या तपासायच्या असतात. वाचता येणारं प्रिंट त्यांनाही न लागणाऱ्या कर्सिव्हपेक्षा बरं वाटतं, फक्त कुणी विचारत नाही. काही शाळा मात्र सरळ नाही म्हणतात. तसं झालं तर उलट करा. घरी प्रिंटचा सराव पूर्ण थांबवा आणि कर्सिव्हच नीट शिकवा. शाळेत एक आणि घरी दुसरं ही खिचडी सगळ्यात वाईट. एका प्रकारच्या मुलांना तर मी स्वतःच कर्सिव्ह आधी देते. स्मॉल बी आणि डी सतत उलटे होणारी मुलं असतात ना, त्यांच्यासाठी. जोडून लिहिताना या दोन अक्षरांची सुरुवातच वेगवेगळ्या दिशेने होते, त्यामुळे घोटाळा पुष्कळ कमी होतो. हे सगळ्यांच्या बाबतीत चालतं असं नाही, पण करून बघण्यासारखं आहे.

काहीही ठरवायच्या आधी एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसा आणि न टोकता नुसतं बघा. इंग्रजीच्या वहीचं पान उलटून मागच्या बाजूवरून बोट फिरवा. अक्षरं उठलेली लागत असतील तर ती पेन्सिल दाबून लिहितेय, आणि हात दुखतो म्हणत असेल तर ते खरं आहे. पेन्सिल तीन बोटांत आहे की मुठीत? अंगठा बाकीच्या बोटांवरून पलीकडे गेलाय का? लिहिताना ओठ हलतात का, म्हणजे एकेक अक्षर आठवून काढतेय का? मग तिला शाळेतली एखादी गंमत तोंडी सांगायला लावा, आणि तीच इंग्रजीत लिहायला सांगा. तोंडी दहा वाक्यं आणि कागदावर दीड, असा प्रकार असेल तर अडसर हाताचा आहे. तोंडीच अडखळत असेल तर प्रश्न इंग्रजीचा आहे. अक्षराचा क्लास त्याला काही करू शकणार नाही. मराठीचं अक्षर चांगलं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला ही दुसरी शक्यताही बरीच वाटते. बोटांत दोष असता तर तो ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काढतानाही दिसला असता.

सराव कसा घ्यायचा, तर थोडा आणि रोज. दहा मिनिटं पुरतात, कित्त्याची चार पानं नकोत. चौथ्या ओळीपासून मूल वरच्या नमुन्याकडे बघतच नाही, स्वतःच्याच चुकलेल्या ओळीची नक्कल करत खाली जातं. म्हणून मी एका अक्षराच्या तीनच ओळी घेते आणि त्यातलं तिला स्वतःला आवडलेलं अक्षर तिलाच गोल करायला लावते. अक्षरं ए ते झेड अशी घेऊ नका, एका वळणाची एकत्र घ्या. सी, ए, डी, जी, क्यू, ओ ही सगळी सी काढायला हात फिरतो तशीच सुरू होतात, ती एका आठवड्यात. आय, यू, टी दुसऱ्या. वरून जोडणारी सगळ्यात शेवटी, आणि तीही सुटी न घेता जोडीने: ओएन, डब्ल्यूई, बीआर. खोडरबर सरावाच्या वेळी ड्रॉवरमध्ये. चुकलं तर एक बारीक आडवी रेघ आणि पुढे. उजव्या हाताने लिहीत असेल तर वहीचा माथा किंचित डावीकडे कललेला ठेवा. डावखुरी असेल तर उजवीकडे. हे साधं आहे, पण शाळेच्या बाकावर वही नाकासमोर सरळ ठेवायला लावतात आणि तिथेच मनगट वाकडं होतं.

जोडून लिहिणं मी तिसरीत घेते, आणि तेव्हाही खालून सहज जोडले जाणारे जोडच आधी. बाकीची अक्षरं सुटी राहिली तर राहू देत. शब्द एकसंध दिसावा, दोन शब्दांमध्ये एका बोटाची जागा असावी, एवढंच बघते. कॅपिटल अक्षरांच्या वेलबुट्ट्यांवर तर वेळच घालवत नाही. कर्सिव्हमधला कॅपिटल क्यू दोनच्या आकड्यासारखा काढायला शिकून कुणाचं भलं झालंय ते मला अजून कळलेलं नाही.

आजोबांना मात्र माझ्याकडून नमस्कार सांगा, कारण ते म्हणतात त्यात तथ्य आहे. नीट लिहिण्याची सवय मोठेपणी लावणं कठीण जातं. फक्त देखणं अक्षर म्हणजे कर्सिव्ह हे समीकरण त्यांनी सोडावं. समर्थांनी दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासात चांगल्या अक्षराची खूण सांगताना ‘वाटोळें सरळें मोकळें’ म्हटलंय. तीच फूटपट्टी इंग्रजी वहीलाही लावून बघा.

जोडून लिहायला शिकवलं नाही तर जुने कागद वाचता येणार नाहीत, हा मुद्दा अमेरिकेत फार चालतो. आपल्याला तो वेगळा सांगायला नको. मराठीची जोडून लिहायची लिपी मोडी. आधी शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली मजकूर लिहीत जायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत होती, मग गेली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमध्ये बांधलेले कागद आहेत आणि वाचणारे मोजके. नुकसान खरं आहे. पण मोडीत अक्षरांची रूपंच पुष्कळ वेगळी आहेत. इंग्रजी कर्सिव्हचं तसं नाही. आर, एस, एफ, झेड आणि पाच-सहा कॅपिटलं सोडली तर बाकीची ओळखीचीच असतात. आठ-नऊ वर्षांच्या, प्रिंट सहज वाचणाऱ्या मुलाला कर्सिव्ह वाचायला शिकवणं हे सुट्टीतल्या काही बैठकांचं काम आहे. आजोबांची इंग्रजीतली जुनी पत्रं असतील तर तीच काढा. मुलीला त्यातली नावं शोधायला फार आवडतील.

एक गोष्ट गंभीरपणे. तिसरी-चौथीपर्यंत नीट शिकवूनही अक्षर आणि वेग दोन्ही जागचे हलत नसतील, रेघेवर लिहिणं जमत नसेल, बटण लावणं किंवा कात्री चालवणंही जड जात असेल, तर दटावणं थांबवा. आधी डोळे तपासा, मग बालरोगतज्ज्ञांना विचारून ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. लेखन-अक्षमता, म्हणजे डिसग्राफिया, हा प्रकार खराच असतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांचा समावेश आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही, मराठीचं अक्षर चांगलं आहे हीच त्यातली मोठी खूण. पण मी पान न बघता बोलतेय.

राहिला क्लास. आत्ता लावू नका. शाळा सुरू असताना शाळेची एक वळणं आणि क्लासची दुसरी, असं झालं तर तिच्या डोक्यात तिसराच घोळ व्हायचा. वर सांगितलेली दहा मिनिटं दिवाळीपर्यंत घरीच करून बघा. त्यानंतरही वाटलंच तर मे महिन्यात लावा, आणि लावण्याआधी तिथल्या बाईंना विचारा की पेन्सिलची पकड आणि बसणं त्या बघतात का, की पहिल्या दिवसापासून पुस्तिकाच भरून घेतात. पुस्तिका विकत घेणं सक्तीचं असेल तर दुसरा क्लास बघा.